बुटांजवळची पोरं

१० नोव्हेंबर, सोमवार
एकतीस जोड बूट! सकाळपासून तेच करतेय. एकाचा डावा दुसऱ्याच्या उजव्याशेजारी, मोजे तिसऱ्याच्याच बुटात. त्यात एकाने शू केली. पुसली. मग दुसऱ्याने केली, पहिल्याचं बघून.
घरी बसून भिंती बघत होते ते बरं होतं म्हणायची पाळी.
सून शिकवते त्या इंग्रजीच्या क्लासातली झाडूपोछावाली सोडून गेली, तर सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही याल का? मालक दुसरी बघेपर्यंत. तुमचाही वेळ जाईल." माझा वेळ कुणी अडवला होता? पण लेकाने तोंड केलं तसं — लहानपणी पेढा मागताना करायचा तसं. आले.

११ नोव्हेंबर
ही वही क्लासातलीच. चार रेघांची, इंग्रजीची. कुणाची तरी अर्धी राहिलेली. पुढे एका पोराने सफरचंद काढलंय, त्याला पाय आहेत. मी चौथीपर्यंत शिकले, मला दोन रेघाही पुष्कळ. पण इथे परमुलखात बोलायचं कुणाशी? लेक गोदामात, सून क्लासात, शेजारीण दिसली की दात दाखवते आणि दार लावते. मग लिहिते. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, असू दे. कोण बघतंय!

१३ नोव्हेंबर
सुनेचं शिकवणं दारातून बघितलं. अंगाचा तिळपापड झाला.
सहा-सहा वर्षांची तीस पोरं. ही म्हणते, माझ्यामागून म्हणा — तर तेवढंच म्हणतात, "माझ्यामागून म्हणा!" तिचं सांगणंही म्हणतात, तिचा खोकलाही म्हणतात. लाल सफरचंदाचं चित्र दाखवलं, शब्द शिकवला. आता लाल ते सगळं सफरचंद. मालकाचा टाय सफरचंद. मालक रागावला, त्याचे कान लाल झाले, तेही सफरचंद. मला हसू आलं, पण सून रडकुंडीला आली होती.
घरी येऊन गरम पाण्याच्या गुळण्या करते. आवाज पार बसलाय. म्हटलं, एक धपाटा घाल की पाठीत. म्हणते, "आई, इथे हात लावला तर पोलीस येतात." मग पोरं कशाला घाबरणार? डोक्यावर मिरे वाटतात नुसती.

१८ नोव्हेंबर
या मालकाला एकदा उभा-आडवा झापायचाय.
दारावर त्याने मोठी पाटी लावलीय. सुनेने वाचून सांगितली — दाराच्या आत इंग्रजीशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. जो आपल्या घरचं बोलेल त्याने बाहेर जाऊन बुटांजवळ उभं राहायचं. म्हणजे माझ्याजवळ! म्हणजे मी शिक्षा!
सहा वर्षांचं पोर. तहान लागली तर ते तहान आपल्या आईच्याच भाषेत सांगणार ना? तर त्याला उभं करायचं. आज सात जण होते. भिंतीला लागून, माना खाली. त्यातली एक तर नुसती शिंकली होती. शिंकेची पण भाषा असते काय रे टोणग्या?
सुनेला म्हटलं, तू का ऐकतेस त्याचं? म्हणाली, "करार मे महिन्यात संपतोय. त्याने पुन्हा सही केली तर इथे राहता येईल, नाहीतर आपण तिघंही परत." आमचा लेक सुनेच्या परवान्यावर आलाय, मी लेकाच्या. सगळा डोलारा त्या टायवाल्याच्या सहीवर.

२४ नोव्हेंबर
बुटांजवळच्या पोरांना उभं करत नाही मी. बसवते. कामाला लावते. "हा कुणाचा? हा तुझा नाही. तो घे. जोड लाव. नाक पूस. मोजा सरळ कर." हात धरून दाखवलं की समजतं त्यांना. मी मराठीतच बोलणार. मला दुसरं येतं काय?

१ डिसेंबर
आज मालक पाय न पुसताच आत निघाला. मी नुकतीच फरशी पुसलेली. म्हटलं, "अरे ठोंब्या, पाय पूस की! बापाने नोकर ठेवलाय का?" तर तो थांबला, हसला, मान हलवली आणि म्हणाला, "व्हेरी गुड, व्हेरी गुड!"
मी बघतच राहिले. घरी आल्यावर सुनेला सांगितलं. ती हसून हसून लोळली. म्हणाली, "आई, त्याला इंग्रजी कुठे येतं? चार शब्द येतात, ते बरोबर वापरतो असंही नाही. तुम्ही बोललात ते इंग्रजीच वाटलं त्याला!"
इंग्रजीचा क्लास काढलाय, आणि हे असं. आमच्याकडे निदान पोळी येत नसेल तर खानावळ काढत नाहीत.

९ डिसेंबर
परवान्याच्या कचेरीत नेलं होतं. खिडकीमागची बाई काही तरी विचारत होती. मला कळेना. मग ती ओरडून विचारायला लागली — मी काय बहिरी आहे? मागे रांगेत दोघं हसले. लेक फॉर्म आणायला गेलेला. पंधरा मिनिटं मी तिथे दगडासारखी उभी. सात गावच्या पंचांना गप्प केलंय मी, आणि तिथे तोंडातून ब्र निघेना.
अजून चेहरा तापलाय.

१५ डिसेंबर
एक पोरगी आहे, तिला मी लवंगी म्हणते. फटाक्याची लवंगी. एवढीशी, आणि फाडफाड फुटते. रोज शिक्षा. आत गेली की दोन मिनिटांत घरची भाषा, की बाहेर. मला वाटतं मुद्दाम करते. येऊन माझ्या शेजारी फतकल मारून बसते आणि म्हणते, "आजी, हा बूट कुणाचा?"
आजी मीच शिकवलं. बाकीच्यांनीही उचललं.
तिची आई खालच्या मजल्यावर कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान चालवते. एकटीच. क्लास सुटला तरी तिला वर यायला सवड नसते. मग पोरगी माझ्याजवळ. मी झाडते, ती मागून सांगते, "आजी, इथे राहिलं. तिथे पण राहिलं." मुकादम कुठली!

२० जानेवारी
सुनेने टोकलं. "आई, पोरांशी मराठी नका ना बोलू."
मी भडकलेच. मी काय शाळा भरवते? नाक पुसते, बूट घालते, शू धुते. ते मुक्याने करू? मग बोलावून आण दुसरी कुणी. मालकाने अजून शोधली नाही ती नाहीच. फुकटची म्हातारी सापडलीय, कशाला शोधतोय!
सून वह्या तपासायला बसली. तिला वाद घालायचं त्राणच नसतं. तीसची चाळीस पोरं केली मालकाने. बाकं तेवढीच.

२६ फेब्रुवारी
आयाबाप दाराशी येतात आणि सुनेला रोज एकच विचारतात — आज नवा शब्द कोणता? भाजी घेतल्यासारखं. शब्द दिला नाही तर तोंड वाकडं. एक चष्मेवाली आई तर पोराची दारातच परीक्षा घेते, आणि ते पोर रडतं. तिला स्वतःला एक अक्षर येत नाही. कुणालाच येत नाही इथे. म्हणूनच एवढी हाव.

७ एप्रिल
मालकाने फर्मान काढलं. मेच्या आठ तारखेला सगळ्या आयाबापांना बोलावणार. पोरांना त्यांच्यापुढे इंग्रजी बोलायला लावायचं. पोरं बोलली, आयाबाप खूश झाले, तर सुनेच्या करारावर सही. नाही बोलली तर दुसरी मास्तरीण बघितलेली आहे म्हणाला. तोंडावर म्हणाला!
सून भाजी चिरता चिरता सांगत होती. सांगून झाल्यावरही चिरतच राहिली. कोबीचा पार भुसा केला. मी सुरी काढून घेतली हातातून.

२९ एप्रिल
तीन आठवडे घोकंपट्टी. ही माझी पेन्सिल आहे. हे माझं दप्तर आहे. आकाश निळं आहे. एकेकाला उभं करून म्हणायला लावते. म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. सुनेच्या डोळ्यांखाली काळं आलंय. लेक म्हणतो, "होईल गं सगळं." होईल म्हणायला याच्या बापाचं काय जातं!

८ मे, शुक्रवार
 राग आलाय की आनंद झालाय, माझं मलाच कळत नाही.
सगळं जसं झालं तसं लिहिते.
खुर्च्या कमी पडल्या. बाप भिंतीला टेकून उभे. मालकाने नवा टाय घातलेला. सुनेने चित्र वर धरलं, पहिल्या पोराला उठवलं. ते चित्राकडे बघतं, आईकडे बघतं, आणि भोकाड पसरतं. दुसरं गप्प. तिसरी स्कर्टची कड चावतेय. चौथ्याने, "सफरचंद" म्हटलं, चित्र छत्रीचं. आयाबापांत कुजबुज. चष्मेवाली उठलीच जायला. मालकाने घड्याळ बघितलं. मी दाराशी उभी. सुनेच्या मानेवरून घाम ओघळताना मला तिथून दिसत होता.
आणि लवंगी उठली. कुणी उठवली नव्हती.
चाळीस पोरांच्या मध्ये उभी राहून, कमरेवर हात ठेवून, खणखणीत आवाजात — "काय बघताय सगळे? बसा खाली! पाय आत घ्या! हा कुणाचा बूट? हा त्याचा आहे, माझा नाही! अरे, त्याचं नाक गळतंय, कुणीतरी पुसा ना!"
मराठीत! अडखळणं नाही, थांबणं नाही. माझा हेल, माझा हात, माझी कंबर!
तिचं झालं, तर बुटांजवळची बाकीची उठली. एक म्हणतो, "मोजा उलटा आहे." दुसरी म्हणते, "रडू नको, आई येतेय हं." एकजण तर म्हणाला, "फरशी ओली आहे, पडशील, गाढवा!" आतल्या ज्या पोराने सहा महिन्यांत तोंड उघडलं नाही तेही बोललं. त्यांना वाटलं होतं हेच इंग्रजी! या क्लासात दुसरं बोलायचंच नाही म्हटल्यावर आजी बोलते ती इंग्रजीच की! कुणी सांगितलं होतं त्यांना वेगळं?
आयाबापांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून. चष्मेवाली पोराचे मुके घेत होती. लवंगीची आई, इस्त्रीवाली, रडत होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मालक म्हणत होता, "व्हेरी गुड!"
सून चित्र तसंच वर धरून उभी होती. छत्रीचं. तिचा चेहरा मी बघितला आणि खाली बघितलं.

८ मे, संध्याकाळ
घरात भडका.
सून म्हणाली, "आई, तुम्ही माझं काय करून ठेवलंत? सहा महिने घसा फोडला मी!" मी म्हटलं, मी काय केलं? मी बूट लावले! लेकाला आधी कळेना, कळल्यावर हसायला लागला, मग तिच्याकडे बघून थांबला.
ती म्हणाली, "सोमवारी मालकाला खरं सांगणार आहे."
मी ताडकन उठले. म्हटलं, अगं शहाणे, सांगून काय मिळणार तुला? त्याला येतं इंग्रजी? त्यांना येतं? टाळ्या वाजवल्या ना? घे सही. आणि उद्यापासून शिकव खरं, वर्ष आहे पुढे. तोंड उघडलंस तर तिघांची बोचकी बांधायची. लेक काही बोलला नाही, म्हणजे माझ्याच बाजूने.
सुनेने ताटं उचलली. मग म्हणाली, "बरं." त्या बरंचा मला राग आला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

११ मे, सोमवार
सही झाली. दोन वर्षांची. मालकाने मलाही हात जोडले! वर सुनेला म्हणाला, तुमच्या सासूबाई फार शिकलेल्या दिसतात. सून घरी आल्यावर सांगत होती — न हसता.
दारावरची पाटी मी ओल्या फडक्याने पुसायला घेतली. पुसली जात नाही. रंग पक्का आहे.

१४ मे, गुरुवार
इस्त्रीवाली वर आली. माझे सगळे कपडे धुऊन, कडक इस्त्री करून, कागदात बांधून. घडीवर घडी. लवंगी मधे उभी, आई बोलते ते मला मराठीत सांगतेय. दुभाषी! "आई म्हणते, मी घरी सारखी बोलते. आई म्हणते, आजी छान." मग आईने काही सांगितलं आणि पोरीने उड्या मारल्या. "मी मोठ्या शाळेत जाणार! तिथे बोलायचं. पुढच्या गुरुवारी!"
सुनेला विचारलं. मोठी शाळा म्हणजे गावातली सगळ्यात चांगली. तिथे सहा वर्षांच्या पोरांची इंग्रजीत मुलाखत घेतात. इस्त्रीवालीने कधी पोरीचं नाव टाकलं नसतं. त्या दिवसानंतर टाकलं. सून एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१६ मे
चैन पडत नाही. ती लवंगी त्या शाळेत जाणार. टेबलामागे कुणी तरी बाई असणार, तिला खरं इंग्रजी येत असणार. पोरगी कमरेवर हात ठेवणार आणि म्हणणार, बसा खाली, पाय आत घ्या. मग ती बाई मोठ्याने विचारणार, अजून मोठ्याने विचारणार. कचेरीच्या खिडकीपुढे मी उभी होते तशी ही उभी राहणार. आणि मी हिला पाठवलं.
सुनेला गप्प कुणी केलं? मी. मीच! भोगते आता.
पण सुनेला सांगायला लावलं तर गावभर होणार, मालकापर्यंत जाणार. मीच जाते खाली. इस्त्रीवालीला एकटीला सांगायचं, गुपचूप. पोरीला मुलाखतीला नेऊ नको म्हणायचं, झालं. करार कराराच्या जागी.

१८ मे, सोमवार
सांगितलं.
दुकानात नुसती वाफ. इस्त्रीवाली एक शर्ट संपवत होती. मी लवंगीला पुढ्यात घेतलं. म्हटलं, तुझ्या आईला सांग. आजी बोलते ते इंग्रजी नाही. ती आजीच्या घरची भाषा आहे. वर शिकवणारी बाई बोलते ते इंग्रजी. ते तुला येत नाही अजून. मोठ्या शाळेत जाऊ नको. आजी चुकली. सांग.
पोरीने माझ्याकडे बघितलं. किती वेळ! एरवी मी बोलायच्या आधी सांगून मोकळी होते. म्हटलं, कळलं ना? मान हलवली. मग आईकडे वळून बोलली. बरंच बोलली.
इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी. काय बाई आहे! मी असते तर गरम इस्त्री फेकून मारली असती. एवढं मोठं मन कुठून आणतात लोक?
जिना चढताना हलकं वाटलं. आज सुनेला चहा करून दिला. तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

२१ मे, गुरुवार, सकाळ
आत्ता इस्त्रीवाली दाराशी येऊन गेली. पोरीला पांढरा फ्रॉक, रिबिनी, पायात नवे बूट. मोठ्या शाळेत निघाल्यात. पाया पडायला लावत होती पोरीला, आपल्यासारखं. कुणाचं बघून शिकली कोण जाणे.
लवंगी माझ्याकडे बघेना. बुटांकडेच बघत होती.
पोरीने काही सांगितलंच नव्हतं! सोमवारी आईला भलतंच काही सांगितलं!
आता मी काय सांगणार, कोणत्या तोंडाने? माझी जीभ त्या पोरीच्याच तोंडात आहे. सून आत केस विंचरतेय. तिला इथलं मोडकंतोडकं बोलता येतं.
ऊठ म्हणते तिला. तू बोल. मी शेजारी उभी राहते. करार गेला तर गेला, बोचकी मी बांधीन.

२२ मे
काल दोघींना मोठ्या शाळेच्या फाटकात गाठलं. सून बोलली, सगळं. इस्त्रीवालीने ऐकून घेतलं, पोरीचा हात धरला आणि आल्या वाटेने वळली. दुपारपर्यंत मालकाच्या कानावर गेलं, त्याने करार परत मागवला. महिनाअखेर निघायचं.
फाटकातून वळताना लवंगी आईचा हात सोडवून माझ्यापाशी आली. म्हणाली, "आजी, तू का सांगितलंस? तिथे पण सगळे टाळ्या वाजवणार होते."
यातलं एकही वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं.